कोऱ्या प्लेटी

१

सकाळी प्रयोगशाळेत आले की माझं पहिलं काम नाकाचं असतं. इन्क्युबेटरचं दार किलकिलं करायचं आणि आतली उबदार हवा तोंडावर घ्यायची. त्या हवेला ओल्या पावासारखा, किंचित आंबूस वास असतो. बाहेरच्या माणसाला तो किळसवाणा वाटेल, पण मला बरं वाटतं. रात्रभर आत कोणीतरी जगत होतं, वाढत होतं, याची ती खूण.

आमचा कारखाना शीतपेयांचा. फळांचा रस, साखरेचा पाक आणि पाणी एकत्र करून बाटलीत बंद करायचं, एवढाच उद्योग. त्या बाटलीत न बोलावता कोण शिरतं ते शोधायचं काम माझं. नळाच्या तोंडावरून, टाकीतून, झाकणातून नमुने घ्यायचे, अगारच्या, म्हणजे जंतूंना पोसणाऱ्या मऊ जेलीच्या, प्लेटवर सोडायचे आणि उबेत ठेवून वाट बघायची. यीस्ट असो, बुरशी असो की जिवाणू, जे असेल ते ठिपके होऊन वर येतं. माझा नवरा याला ‘शेती’ म्हणतो. तोही इथेच देखभाल विभागात आहे. पंप, झडपा, पाइप सगळं त्याच्याकडे. एका गळक्या झडपेवरून कडाक्याचं भांडण झालं आणि त्यातूनच आमचं जुळलं.

सोमवारी हातांची तपासणी असायची. प्रत्येक कामगाराने हात धुऊन यायचं आणि पाचही बोटं प्लेटवर हलकेच टेकवायची. दुसऱ्या दिवशी बोटांच्या जागी ठिपके उगवत. जितके कमी, तितका हात स्वच्छ. सगळ्यात घाणेरडा हात पाककाकांचा. ते पाकाच्या खोलीत टाक्या सांभाळत, म्हणून हे नाव. बिचारे घासघासून हात धूत, तरी त्यांच्या प्लेटवर कुरण माजायचं. मंगळवारी ते दारातून डोकावून विचारायचे,

“काय बाई, यंदा पीक कसं?”

“काका, दृष्ट लागेल असं आलंय!”

ते हसत आणि पुन्हा साबणाकडे वळत.

२

त्या मंगळवारी पाककाकांची प्लेट कोरी होती.

प्लेट उजेडात धरली, तिरपी केली, भिंग लावलं. अगारवर पाच बोटांचे खळगे स्पष्ट दिसत होते, अंगठ्याच्या तर रेषासुद्धा. म्हणजे बोटं टेकली होती, फक्त काही उगवलं नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माणसाचा हात कधीच कोरा नसतो. धुवा, घासा, औषधात बुडवा. कातडीच्या खोल छिद्रांतून चारदोन जंतू तरी वर येतातच. ते आपले जन्माचे सोबती. कोरी प्लेट म्हणजे स्वच्छ हात नव्हे. तपासणी चुकली, एवढाच तिचा अर्थ.

म्हणून मी चूक शोधायला लागले. हातावर जंतुनाशक राहिलं असेल, अगार बिघडलं असेल, इन्क्युबेटर गार पडला असेल. पण त्याच खेपेच्या बाकीच्या प्लेटी उगवल्या होत्या. मी काकांना पुन्हा बोलावलं. एकाच प्लेटच्या मधोमध पेनने रेघ मारली, एका बाजूला त्यांची बोटं टेकवली, दुसऱ्या बाजूला माझी.

“आज माझ्यावर एवढी मर्जी?” काका म्हणाले. हसले नाहीत. प्लेटकडेही त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी बाजू भरली होती आणि त्यांची कोरीच होती. मला खटकलं ते आणखी वेगळंच. माझे ठिपके रेघेपर्यंत आलेच नव्हते. रेघेच्या बरेच अलीकडे ते एका ओळीत थांबले होते, एकमेकांना चिकटून, दाटीवाटीने. पुढे जागा मोकळी असूनही कोणी पुढे सरकायला तयार नसावं, तसे.

जंतुनाशक झिरपलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. असं होतं कधीकधी.

३

मॅडमना प्लेट दाखवली. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. मी शिकाऊ म्हणून आले तेव्हा बर्नरच्या ज्योतीपाशी हात कसा स्थिर ठेवायचा, हे त्यांनी माझं मनगट धरून शिकवलं होतं. माझं बाळंतपण अडलं तेव्हा इस्पितळाच्या बाकावर माझ्या आईशेजारी त्याच बसून होत्या. माझ्याविषयी काही वाटलं तर त्या तोंडावर बोलत. म्हणून माझा त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास.

त्यांनी प्लेट हातात घेतली नाही. टेबलावरच ठेवायला सांगितली.

“हात स्वच्छ झाले गं त्यांचे. यात वाईट काय?”

“मॅडम, इतके स्वच्छ? मेलेल्या माणसाच्या हातावरही याहून जास्त असतं.”

“तू फार खोलात शिरतेस.” त्या गोड हसल्या. “तुझी स्वतःची प्लेट मात्र दर वेळी ठेवत जा. तुलनेला बरी पडते.”

तुलनेची माझी युक्ती त्यांना पटली म्हणून मी उलट खूश झाले.

पुढच्या सोमवारी पाकाच्या खोलीतल्या सगळ्यांच्या प्लेटी कोऱ्या आल्या. त्याच्या पुढच्या वेळी बाटल्या भरणाऱ्यांच्याही. रोज दार उघडल्यावर येणारा तो पावाचा वास विरळ होत गेला. एका सकाळी मी आत डोकं घातलं तर आत फक्त गरम पत्र्याचा वास होता. कोपऱ्यात माझी एकटीची प्लेट तेवढी उगवून बसली होती.

४

दरम्यान घरी दही लागेना.

आमच्याकडे दूध विरजण्याचं काम नवऱ्याचं. कोमट दुधात तो बोट बुडवून अंदाज घ्यायचा, चमचाभर दही घालून बोटानेच ढवळायचा. मी ओरडायचे, तो हसायचा आणि दही मात्र सुरीने कापावं असं लागायचं. आता दुधाचं दूधच राहायला लागलं. बरं, ते नासतही नव्हतं. सुट्टीत आम्ही माझ्या आईकडे राहून आलो, तेव्हा ओट्यावर एक पातेलं तसंच राहिलं होतं. नाक धरून झाकण काढलं. दूध ताजं होतं, गोड. वर सायसुद्धा जागची हलली नव्हती.

“चांगलं आहे की!” नवरा म्हणाला आणि त्याने पेलाभर ओतून आमच्या लेकीपुढे ठेवलं. ती दुसरीत आहे, घरात तिला बिट्टी म्हणतो. मी पेला ओढून घेतला आणि दूध मोरीत ओतलं.

“काय झालं तुला?” त्याने विचारलं.

“दूध असं राहत नाही रे.”

“आजकाल दुधात काय काय घालतात.”

हे पटण्यासारखं होतं. मला पटवून घ्यायचंही होतं. पण त्या संध्याकाळी मी पर्समधून एक प्लेट काढून त्याच्यापुढे धरली.

“बोटं टेकव.”

“मी काय चोर आहे, ठसे द्यायला?”

“गंमत म्हणून.”

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग एकेक बोट असं टेकवलं की जणू माझ्याच अंगावर टेकवतोय.

“पाकाच्या खोलीत जातोस का हल्ली?” मी विचारलं.

“छे. पंप बदलला त्यानंतर तिकडे फिरकलोसुद्धा नाही.”

प्लेट कोरी आली. मी ती कचऱ्यात टाकली, पुन्हा उचलली, पुन्हा पाहिली. अंगठ्यावरचा त्याचा जुना व्रण अगारवर छान उमटला होता. माझा नवरा माझ्याशी खोटं बोलला होता. कारण काहीही असो, एवढं मात्र त्या प्लेटवर उगवलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी नमुना घ्यायच्या निमित्ताने मी पाकाच्या खोलीत गेले.

ही खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला. आत माणसाच्या दुप्पट उंचीच्या पोलादी टाक्या, वर चढायला शिड्या, माथ्यावर लोखंडी जाळीचा कठडा. पूर्वी इथे पाय ठेवला की गरम साखरेचा घमघमाट यायचा आणि चपला फरशीला चिकटून चटचट वाजायच्या. आता फरशी कोरडी होती. माश्या नव्हत्या. साखरेच्या खोलीत माशी नसावी, हे मला फार चमत्कारिक वाटलं.

खिडकीच्या झरोक्यात एक पारवा पडला होता. मान मुरगळलेली, पंख अर्धवट उघडा. मेलेला होता, आणि कधीचा तरी, कारण त्याच्या पाठीवर धुळीचा थर होता. पण त्याला वास नव्हता. मुंगी नव्हती. डोळा ओला होता.

कोपऱ्यातल्या टाकीचा ढवळणारा पंखा बंद होता. लाल दिवा लागला होता, मोटर गार होती. तरी पोलादाला कान लावला तेव्हा आत काहीतरी हलत होतं. ढवळल्यासारखं नाही. झोपेत कोणी कूस बदलावी आणि पुन्हा स्थिर व्हावं, तसं.

“बाई, नमुना पाहिजे का?” पाककाका मागे उभे होते. पायांचा आवाज झाला नव्हता.

“मीच घेते, काका.”

“घ्या की. तुमचंच आहे.”

नमुना घेतला. त्यात मुद्दाम जिवंत यीस्ट मिसळलं, चमचाभर, दुधाळ दिसेल इतकं. तासाभरात नळीतला पाक आरशासारखा नितळ झाला होता. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. यीस्ट मेलं असतं तर मी समजले असते. मेलेल्यांची कलेवरं दिसतात, फुटकी, सुरकुतलेली. इथे कलेवरंही नव्हती. नुसता उजेड होता. मी भिंग पुढेमागे करत राहिले. उजेडाच्या त्या गोलात बघता बघता मला असं वाटायला लागलं की पलीकडूनही कोणीतरी असंच भिंग पुढेमागे करतंय.

मी दिवा बंद केला.

६

“आजची भरणी थांबवा,” मी मॅडमना म्हणाले. “त्या टाकीतलं बाहेर जाता कामा नये.”

“का? कुठल्या चाचणीत नापास झालंय?”

“कुठल्याच नाही. हेच तर म्हणतेय.”

“मग मी वर काय सांगू? पेय जरुरीपेक्षा चांगलं आहे म्हणून?”

मी एक प्लेट त्यांच्यापुढे सरकवली. “बोटं टेकवा, मॅडम.”

मला वाटलं होतं, त्या चिडतील. चिडल्या असत्या तर मी पाया पडून माफी मागितली असती. पण त्यांनी निमूटपणे हातमोजा काढला आणि पाचही बोटं टेकवली. तो हात मला नवा वाटला. नखांभोवतीचे जुने डाग नव्हते, ज्योतीने भाजल्याची खूण नव्हती. घडी न मोडलेल्या कापडासारखा हात.

“उद्यापर्यंत थांबायची गरज आहे का तुला?” त्यांनी विचारलं.

मी प्लेटवर झाकण ठेवलं. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. त्या मायेचंच मला भय वाटलं.

“आज लवकर घरी जा,” त्या म्हणाल्या. “जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबूच नकोस.”

७

मी घरी गेले नाही. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. भोजनगृहात चार माणसंही नव्हती. टेबलं पुसलेली, डबे बंद. भरणीचा पट्टाही थांबला होता, आणि कारखाना थांबला की जी शांतता होते तिच्यात मला माझ्या कानातलं रक्त ऐकू येत होतं.

पाकाच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. दाराला तळहाताएवढी गोल काच आहे. मी काचेला डोळा लावला.

सगळे वर, कठड्यावर होते. कोपऱ्यातल्या टाकीचं झाकण उघडं होतं आणि तिच्या तोंडाभोवती ते गुडघे टेकून बसले होते. पाककाका, भरणीवरची माणसं, मॅडम. सगळ्यांच्या बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत आत. कोणी बोलत नव्हतं. चेहऱ्यांवर भक्ती नव्हती, भीती नव्हती. थंडीत कोमट पाण्यात हात घातल्यावर माणूस जसा दिसतो, तसे दिसत होते.

मग मॅडमचा खांदा हलला. किंचित, खालच्या बाजूला. मग शेजारच्याचा. मग काकांचा. आपलं बोट धरून लहान मूल चालताना मधूनच ओढतं ना, तसं. एकामागून एक, गोल फिरत गेलं ते ओढणं, आणि ज्याची पाळी येई तो डोळे मिटून घेई.

शेवटी माझा नवरा होता.

तो मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मांडीवर बिट्टी होती. सकाळी तोच म्हणाला होता, आज तिची शाळा लवकर सुटते, मी आणतो आणि शेजारी सोडतो. तिच्या गणवेशाची बाही त्याने नीट, घडी घालून वर केली होती. विरजण लावताना तो स्वतःची करायचा तशीच.

मी दार बडवलं. हात सुजेपर्यंत बडवलं, ओरडले, त्याला नाही नाही ते बोलले. कोणी मान वळवली नाही. फक्त बिट्टीने काचेकडे बघितलं आणि ओळखीचं हसली. तिचा हात आधीच आत होता. तिचा इवलासा खांदा खाली झाला. एकदा. मग पुन्हा एकदा, जरा जास्त लाडाने.

८

दार पाककाकांनी उघडलं, पाहुण्याला उघडावं तसं. मी बिट्टीला उचललं, बाहेरच्या नळाखाली तिचे हात धरले आणि साबण लावून घासत सुटले. ती रडली नाही.

“पुरे, आई. मळलेले नाहीत.”

नवरा बाजूला उभा होता. मी त्याच्याकडे न बघता विचारलं,

“काय आहे आत?”

“मला सांगता येत नाही.”

“सांगता येत नाही की सांगायचं नाही?”

तो खरंच विचार करत राहिला. मग त्याने नुसती मान हलवली.

“सगळ्यांना माहीत होतं?”

“हळूहळू झालं.”

“आणि मला? मी तुझ्या घरात राहते. तुझ्या उशीला उशी लावून झोपते. मला का नाही सांगितलंस?”

“कोणीतरी एक बाहेर ठेवायला हवं होतं. सगळ्याच प्लेटी कोऱ्या आल्या, तर प्लेट चांगली आहे हे कळणार कसं? एक तरी उगवायला हवी. तूच म्हणतेस ना नेहमी?”

मला मॅडमचं ते ‘तुलनेला बरी पडते’ आठवलं. त्या कोऱ्या प्लेटींच्या रांगेत दर आठवड्याला मी माझी प्लेट ठेवत होते, आणि तिच्यामुळेच बाकीच्यांवर विश्वास बसत होता.

“मॅडमनी ठरवलं हे?”

त्याने वाहता नळ बंद केला.

“सांग. त्यांनीच ना?”

“दोघा-तिघांपैकी कोणाला बाहेर ठेवायचं ते त्या ठरवत होत्या,” तो म्हणाला. “तुझं नाव मी दिलं.”

त्याच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता. उलट माझं काहीतरी चांगलंच केलं असावं, असा सूर होता. आम्ही भांडलो होतो, अबोला धरला होता, पण आजवर तो माझ्याशी कधी परक्यासारखा बोलला नव्हता. आताही परका वाटत नव्हता. तोच आवाज, तीच लकब. माझाच माणूस होता, आणि त्यानेच मला बाजूला काढून ठेवलं होतं.

९

घरी आल्यावर मी पिशवी भरली. बिट्टीचे कपडे, माझे दोन जोड, शाळेची पुस्तकं. आईला फोन करून येतेय एवढंच सांगितलं. कुठेतरी तक्रार करायची, हेही ठरवलं. पण काय सांगायचं ते सुचत नव्हतं. या पेयात काहीही सापडत नाही, असं सांगणाऱ्या बाईला कोण दारात उभं करणार? त्या टाकीतल्या बाटल्या एव्हाना गाडीत चढल्या असतील. कुणाकुणाच्या टेबलावर पोचतील, कुठल्या मुलांच्या पेल्यात.

संध्याकाळचं ऊन खोलीत आलं होतं. बिट्टी पलंगावर पाय हलवत बसली होती. नवरा दारात उभा होता. तो मला अडवणार नव्हता, हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं. तेच जास्त वाईट होतं.

“चल बेटा,” मी म्हणाले आणि तिचा हात हातात घेतला.

तिने तो हळूच सोडवून घेतला. मग फ्रॉकच्या घेराला पुसला. आधी तळवा, मग मागची बाजू, मग बोटांच्या बेचक्या. निगुतीने, घाई न करता. पुसून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटू नये म्हणून तिचा आवाज अगदी हळू होता.

“रागावू नकोस हं आई. तुझा हात वळवळतो गं.”

मी माझा हात तसाच पुढे धरून उभी राहिले. ती पलंगावरून उतरली, माझ्या अंगाला लागू नये अशी कडेकडेने दारापर्यंत गेली आणि तिने तिच्या बाबाचा हात धरला.

तो तिने पुसला नाही.